नितळ महाराजांची निळी गोळी

बाटलीतलं पाणी दुरून निळं दिसायचं. जवळ घेऊन खिडकीच्या उजेडात धरलं, की ते हिरवं आहे हे कळायचं. निळ्यात थोडा पिवळा पडला की होतं तसं. हॉलमधल्या प्रत्येक पुरुषाच्या हातात अशी एक बाटली होती. तो पिवळा लघवीचा होता, यात कुणालाच नवल नव्हतं. नवल होतं ते निळ्याचं.

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानावर हा हॉल होता. पायऱ्या चढून आलेले पुरुष एकमेकांच्या तोंडाकडे बघत नसत, बाटल्यांकडे मात्र टक लावून बघत.

"तुमचा बराच गडद दिसतोय," टोपीवाल्याने शेजाऱ्याला हळूच म्हटलं. हा एक निवृत्त कारकून. टोपी डोळ्यांवर ओढून बसायचा आणि आपल्याला कुणी ओळखत नाही असं समजायचा. "जुनं दुखणं असणार."

"तुमचंही काही कमी नाही."

"सकाळचं आहे ना. अगदी ताजं." टोपीवाल्याने अशा अभिमानाने बाटली वर धरली, जणू नातवाचं प्रगतिपुस्तकच दाखवत होता.

एवढ्यात नितळ महाराज आले. पांढरेशुभ्र कपडे, हातात पाण्याने भरलेला काचेचा पेला, आणि आवाज असा की लोणी लावून ठेवलेला.

"डॉक्टर काय करतो? सुई टोचतो आणि म्हणतो, जंतू मेले. अरे, मेले तर त्यांची मढी कुठे गेली? तुमच्या आतच कुजतायत ना! म्हणून जळजळ, म्हणून टोचणी, म्हणून झोप नाही. ते कुजलेलं विष मी बाहेर ओढतो. डोळ्यांना दिसतं की नाही?"

"दिसतं, महाराज!"

"मग विश्वास कशावर ठेवायचा? डोळ्यांवर, की कागदावर?"

"डोळ्यांवर!"

"पाणी नितळ होईल त्या दिवशी तुम्ही या पेल्यासारखे. पण नियम एकच. मौन! घरात चकार शब्द नाही. बायकोपाशी तर मुळीच नाही. तोंड उघडलं की बांध फुटला, विष उलटं फिरलं."

सगळ्यांनी माना हलवल्या. या एका नियमासाठी तर निम्मे लोक जिना चढून आले होते.

मागच्या रांगेत बसलेल्या माणसाला ओळखीचे लोक रंगारी म्हणत. तो रंगांच्या दुकानात मिश्रणाच्या यंत्रावर काम करायचा. गिऱ्हाईक भिंतीचा पोपडा घेऊन यायचं, रंगारी तो बोटांत धरून क्षणभर बघायचा आणि सांगायचा, यात किती निळा, किती काळा. डब्याचं झाकण उघडल्यावर छटा तंतोतंत जुळलेली असायची. रोज दुसऱ्याच्या डब्यात निळा ओतणाऱ्या या माणसाला, आपल्यात निळा कोण ओततंय, हा प्रश्न पडला नव्हता. भीती बसली की माणूस आपलं कसब आधी गहाण टाकतो.

झालं होतं ते असं. नवं यंत्र शिकायला दुकानाने त्याला परगावी पाठवलं होतं. तिथे एका रात्री बरोबरच्या माणसांनी नेलं तिकडे तो गेला. घरी परतला, नेहमीसारखा बायकोजवळ झोपला, आणि मग काही दिवसांनी लघवीला जळजळ सुरू झाली, पू दिसला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "बायकोलाही घेऊन या. तिला त्रास नसला तरी औषध लागेल. आणि तुम्ही पुन्हा तपासणीला या."

"ती माहेरी गेलीय," रंगारी म्हणाला होता. बायको तेव्हा घरात भाकऱ्या थापत होती.

पू थांबला. जळजळ मात्र पूर्ण जाईना. कधी नुसती हुळहूळ, कधी मांडीपर्यंत जाणारी कळ. दवाखान्यात परत जायचं तर बाई पहिला प्रश्न बायकोचाच विचारणार. तेवढ्यात कुणीतरी नितळ महाराजांचा पत्ता दिला. पहिली गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खाली पाहिलं. हिरवं! हे सगळं आपल्यात होतं? तिथून त्याचा विश्वास बसला तो बसलाच. पाठ धरलीय असं सांगून तो बाहेरच्या खोलीत झोपू लागला.

बायको शिवणकामाच्या कारखान्यात कापडं कापायची. दिवसभर टेबलाशी उभं राहायचं काम. हल्ली ती मधेच ओटीपोट दाबून वाकायची. रंगाऱ्याच्या आईचं औषध ठरलेलं: "बाईच्या जातीला हे चालायचंच." रंगारी ते ऐकायचा आणि पेपर वर धरायचा.

बिंग फोडलं ते कपड्यांच्या बादलीने.

सुटीच्या दिवशी बायकोने त्याचा सदरा भिजवला. खिशात कागदाच्या पुडीत आठवड्याच्या गोळ्या होत्या. थोड्या वेळाने मोरीतून मुलगी ओरडली, "पप्पा, लवकर या! बादलीत शाई सांडलीय!"

रंगारी धावला. बादली निळीशार. त्याची बनियनं, उशीचा अभ्रा, मुलीच्या शाळेचा पांढरा सदरा, सगळं एका रंगात न्हालेलं.

"अहो, दुकानातला रंग खिशात घालून आणलात की काय?" बायको कपाळाला हात लावून म्हणाली. "उद्या ही शाळेत काय घालून जाईल?"

"असेल... दुकानातलाच असेल."

"दुकानातला रंग असा पाण्यात विरघळतो का?" मुलीने विचारलं. तिने चहाच्या गाळणीतून उरलेला फिका चहा एका वाटीत घेतला होता. त्यात बादलीतला निळा थेंब थेंब टाकत होती. "बघा ना पप्पा, पिवळ्या पाण्यात टाकलं की हिरवं होतं!"

रंगारी त्या वाटीकडे बघत राहिला. ती छटा त्याने अनेकदा पाहिली होती, हॉलच्या खिडकीच्या उजेडात. चहाला कसला आजार असणार?

दुसऱ्या दिवशी दुकानातून लवकर निघून तो सरकारी दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी पुडीत विरघळायची राहिलेली एक गोळी पेल्यातल्या पाण्यात टाकली. निळ्या रेघा सुटल्या आणि पेला भरून गेला.

"तपासल्याशिवाय मी नाव सांगणार नाही," त्या म्हणाल्या, "पण लक्षणं रंगद्रव्याची आहेत. काचपट्टीवर जंतू नीट दिसावेत म्हणून प्रयोगशाळेत असा एक रंग आम्ही वापरतो. पोटात गेला तर रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत. बाहेर पडतो तो गोळीतलाच रंग. तुमचं विष वगैरे काही नाही."

"पण शेवटी पाणी नितळ होतं, बाई. मी बघितलंय लोकांचं."

"शेवटी गोळी कुठली देतात?"

रंगारी थांबला. "पांढरी."

"मग झालं तर." बाई हसल्या नाहीत. "ही निळी गोळी मी घेतली तर माझीही लघवी हिरवी होईल. मला तुमचा आजार नाही. चमत्कार दिसला की एवढाच प्रश्न विचारायचा: ज्याला रोगच नाही, त्याच्यावर हाच प्रयोग केला तर काय होतं? तेच होत असेल, तर त्या प्रयोगाला तुमच्या रोगातलं काहीही कळत नाही. शिवाय असले रंग सगळ्यांनाच सोसत नाहीत. काहींच्या रक्तावर वाईट परिणाम होतो. त्या हॉलमध्ये तो धोका कुणी बघतं?"

"मग माझी जळजळ? ती तर खरी आहे ना?"

"खरीच आहे. ती खोटी आहे असं मी म्हटलंच नाही." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "जंतू मेले तरी सुजलेली जागा निवळायला काही वेळा आठवडे लागतात. त्यात तुम्ही रोज काय करता? पू येतोय का म्हणून दाबून बघता?"

रंगाऱ्याने फरशीकडे पाहिलं. "लघवीला जातो तेव्हा तेव्हा."

"आणि धुता कशाने?"

"फरशी पुसायचं जंतुनाशक आहे घरात... त्याने."

"निरोगी डोळा दिवसभर चोळला आणि त्यात फिनेल घातलं, तर तो लाल होईल की नाही? काळजीनेही तिथले स्नायू आखडतात, कळा मारतात. पण हे सगळे माझे अंदाज. आधी नमुना देऊन जा. अंदाजावर औषध द्यायला मी काही महाराज नाही." मग त्यांनी सहज विचारलं, "पत्नी आल्या का माहेराहून?"

"अजून नाही."

बाईंनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि नमुन्याची बाटली पुढे केली.

निकाल यायला दोन दिवस होते. मधल्या संध्याकाळी रंगारी हॉलमध्ये गेला. डोक्यात संताप होता. आपण फसलो याचा कमी, इतकी साधी छटा ओळखली नाही याचा जास्त. महाराजांचं बोलणं मढ्यांपर्यंत आलं तेव्हा तो उठला. पुढच्या टेबलावर त्याने स्वतः आणलेला पेला ठेवला. त्यात फिका चहा होता. टोपीवाल्याच्या पुडीतली एक गोळी त्याने विचारून घेतली आणि आत टाकून ढवळली. चहा हिरवा झाला. हॉलमधल्या बाटल्यांइतकाच हिरवा.

"या पेल्याला कुठून लागण झाली, महाराज?" रंगाऱ्याने विचारलं. "हा कुणाकडे गेला होता?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. दोघंतिघं आणखी हसले. टोपीवाला पुढे वाकून पेल्याकडे बघू लागला. क्षणभर वाटलं, आता जिन्यावरून सगळे खाली उतरणार.

महाराजांनी पेल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आवाजातलं लोणी जरासुद्धा वितळलं नाही. "शहाणा माणूस आहेस. मग लोकांना हेही सांग, तू इथे कशासाठी येत होतास? मोठ्याने सांग. कुठल्या दुकानात असतोस, घर कुठल्या गल्लीत, बायकोला काय सांगितलंस. पोलिसात जायचंय? चला, मीही येतो. तक्रारीवर नाव कोण घालतंय? तुम्ही? तुम्ही घालताय?"

बोट फिरत गेलं आणि ज्याच्यावर यायचं त्याची मान खाली जायची. टोपी आणखी खाली ओढली गेली. रंगाऱ्याने टेबलावरचा आपला पेला उचलून घेतला.

"बसा," महाराज मायेने म्हणाले. "मौन मोडलं की डोकं असं फिरतं."

रंगारी खाली उतरला. मागे रांग पुन्हा जुळून आल्याचा खुर्च्यांचा आवाज त्याला ऐकू आला. गोळीचं गुपित फोडून काय उपयोग? धंदा गोळीवर उभाच नव्हता. तो उभा होता शरमेवर, आणि ती प्रत्येकाने घरूनच आणली होती.

रस्त्यावर टोपीवाल्याने त्याला गाठलं. इकडेतिकडे बघत म्हणाला, "तो सरकारी दवाखाना किती वाजता उघडतो हो? माझ्या भावासाठी विचारतोय."

"भावाला सकाळी पाठवा. आणि वहिनींनाही."

टोपीवाला ताडकन म्हणाला, "तिचा काय संबंध?" आणि निघून गेला.

ते वाक्य रंगाऱ्याच्या कानात घरापर्यंत आलं. आवाज टोपीवाल्याचा, पण बोल रंगाऱ्याचे स्वतःचेच होते.

निकालाच्या दिवशी बाईंनी कागद वाचून दाखवला. जंतू नव्हते. पहिल्याच औषधाने गेले होते. दाबणं बंद, जंतुनाशक बंद, भरपूर पाणी, थोडा धीर. महिनाभरात त्रास कमी झाला नाही तर पुन्हा या. रंगाऱ्याने इतका मोठा श्वास सोडला की बाहेरच्या बाकावरच्या म्हातारीने आत डोकावून पाहिलं.

"म्हणजे मी सुटलो, बाई."

"तुम्ही केव्हाच सुटला होतात. इतके दिवस तुम्ही ज्याला घाबरत होतात, तो रोग तुमच्यात नव्हताच." त्यांनी कागद घडी करून त्याच्या हातात दिला. "आता तो कुठे असेल, याचा एकदा तरी विचार केलात? बाईमाणसाला कितीतरी वेळा कळतही नाही. आतल्या आत वर चढतो. ओटीपोट दुखतं, पुढे मूल राहणं अवघड होतं, कायमची दुखणी मागे लागतात. त्याला औषध आहे, साधं आहे, फुकट आहे. फक्त ते घ्यायचंय हे तिला माहीत पाहिजे. तुम्ही सोडून तिला ते कोण सांगणार?"

रंगारी घरी आला. बायको भिंतीला टेकून बसली होती, गरम पाण्याची बाटली पोटाशी धरून. मुलगी शेजारी खेळायला गेली होती.

"आज रजा टाकली," बायको म्हणाली. "उभंच राहवेना." मग त्याच्याकडे न बघता तिने विचारलं, "एक विचारू? खरं सांगाल? दुसरी कुणी आहे का? पाठीचं निमित्त मला केव्हाच कळलंय. काय ते स्पष्ट सांगा, मी सोसेन. हे असं बाहेरच्या खोलीत झोपणं नाही सोसत."

रंगाऱ्याच्या जिभेवर 'नाही गं' तयार होतं. खरं म्हणजे ते खोटंही नव्हतं. त्याच्या आड तो आणखी कितीही दिवस राहू शकला असता. बाटलीतल्या निळ्याला विष म्हणणं सोपं होतं, कारण ते आपोआप बाहेर पडत होतं. हे मात्र त्याचं त्यालाच तोंडाने बाहेर काढावं लागणार होतं, आणि त्यासाठी कुठल्या महाराजाकडे गोळी नव्हती.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"उद्या तू कामावर जाऊ नकोस. माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात यायचंय. तुझं पोट दुखतंय ना, तो आजार बहुधा मी तुला आणून दिलाय. परगावहून. आणि तुलाही औषध लागेल, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."