पान छापलेली पत्रावळ

मी एक पत्रावळ बोलतेय. पोटावर पिंपळाचं हिरवं पान, कडेला ‘पर्यावरणपूरक’ अशी अक्षरं. राम राम घ्या; पण माझ्याकडं फार कौतुकानं बघू नका, मला ते सोसत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. कागदाचा ताव, त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा, वरून साच्याचा दणका. पापुद्रा एवढा पातळ, की डोळ्याला दिसूच नये. आणि बाजाराची रीत तुम्हाला ठाऊकच आहे: जे दिसत नाही त्याची चौकशी कुणी करत नाही.

सेलूच्या एका दुकानात ऋतुजा आली. झरीच्या शिवमूर्तीअप्पांची लेक, स्वतःच्याच साखरपुड्याची खरेदी करत होती. थर्माकोलला तिनं हात लावला नाही.

“काका, मातीत जिरंल असं द्या.”

“मग ही घ्या की! पान छापलंय बघा. आन रस्सा वाढा, थेंब गळायचा न्हाई.”

गळत नाही म्हणजे आत काहीतरी आहे, हे ओरडून सांगावंसं वाटलं. पण सौदा सुरू असताना माल कधी बोललाय का?

साखरपुड्याला अप्पा माझ्यातच जेवले. येसर आमटी, भात, बुंदी. “लय दणकट हाय,” म्हणून त्यांनी मला उचलून व्याह्यांना दाखवलं. मी फुगले, खोटं कशाला बोलू?

मग ऋतुजाची आत्या, चन्नबसम्मा, पुढं झाल्या. या घरात पळसाच्या पत्रावळींची जुनी रीत: पंगत उठली की खरकट्यासकट गाईपुढं टाकायच्या. आत्यांनी तसंच केलं.

“खा बाई, आज तुजीबी पंगत!”

गाईनं माझ्या बहिणी मिटक्या मारत खाल्ल्या. मी तेवढी दावणीखाली घसरले.

पुढं गाईनं रवंथ सोडला. पोट ढोलासारखं फुगलं. त्यात ती गाभण. डॉक्टरांनी कुशीला चीर देऊन आत हात घातला, आणि माझ्या बहिणींचा गोळा बाहेर आला. कागद विरघळलेला, पापुद्रे जसेच्या तसे.

“प्लास्टिक आलं कुठून? आपण तर पत्रावळीच टाकल्या,” आत्या म्हणत राहिल्या.

ऋतुजानं मला दावणीखालून ओढलं, बादलीत भिजवलं, नखानं कड सोलली. पापुद्रा अलगद वर आला.

“आत्या, मीच आणलं गं हे.”

“तुजी काय चूक, पोरी? लिहिलं हुतं तेच तू वाचलंस.”

त्या माफीत मी नव्हते. नसायलाच हवं.

गाय वाचली, पण तिनं गाभ टाकला. आता लग्नाला ऋतुजा स्टीलची ताटं आणायलीय.

“आन घासणार कोण एवढी?” अप्पांनी विचारलं.

“नवरदेव!” ती म्हणाली. अप्पा हसले, ती हसली नाही.

मला तिनं अर्धी सोललेली तशीच गोठ्यातल्या खुंटीला अडकवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं म्हणून. तर बाबांनो, तुमच्या हाती माझ्यासारखी कुणी आली तर तिची अक्षरं वाचून भुलू नका. आधी एक भिजवा, सोलून बघा. दुकानदार म्हणेल, माल कशाला नासवता? नासवा. माझी हरकत नाही.

गाय अजून मधूनच मान मागं वळवते, जीभ बाहेर काढते, चाटायला. तिथं कुणी नसतं. मग ती उगाच खुंटाच चाटत राहते, आणि मला खाली मान घालायलाही जागा नाही.