सदतीस नंबरचा फॉर्म माझ्याकडे आहे

मी पॅड बोलतोय. परीक्षेला नेतात ना, तोच. तपकिरी पुठ्ठ्याचा, डोक्यावर लोखंडी चिमटा असलेला. पुठ्ठ्याला काय वाटायचं, असं तुम्ही म्हणाल. हल्ली मीही तेच म्हणतो.

राजेंद्र नगरच्या शर्वरीने मला घेतलं, तेव्हा ती लोकप्रशासनात एम.ए. करत होती. सर 'उत्तरदायित्व' शिकवत आणि ती माझ्यावर कागद ठेवून उतरवून घेई. शब्द एवढा लांब, की ओळीच्या शेवटी मावायचा नाही.

दुसऱ्या वर्षी तिला लघुप्रबंध लिहायचा होता. वॉर्डातल्या लोकांच्या तक्रारी सुटतात का, हा विषय. साठ घरं, साठ फॉर्म, सगळे माझ्या चिमट्यात. आम्ही जुन्या गल्ल्यांतून हिंडलो. सरकारी माणूस लोक पॅडवरूनच ओळखतात. मला पाहून ते आधी दचकत, मग न मागता रेशन कार्ड आणून दाखवत.

सदतिसावं घर कांताबाईंचं. एकट्याच राहायच्या. दारासमोरच्या गटाराच्या चेंबरला झाकण नव्हतं, म्हणून त्यांनी फळी टाकली होती. सरकारी हेल्पलाइनवर फोन करून तक्रारही केली होती. शर्वरीने शेवटचा प्रश्न वाचला, 'आपण समाधानी आहात का?'

"नाही. आण, मीच लिहिते," कांताबाई म्हणाल्या. "झाकण लागू दे, मग हो लिहू."

त्यांनी पेन एवढं दाबून 'नाही' लिहिलं, की माझ्या पाठीपर्यंत पोचलं.

आकडेवारीवर ऑफिसचा शिक्का हवा, असं सरांनी बजावलं होतं. प्रबंध द्यायला चार दिवस उरले होते. वॉर्ड ऑफिसातले शाम बाबू म्हणाले, "मॅडमजी, शिक्का मारून देतो ना. बस एक कंप्लेंट अटकली आहे. कांताबाईंना फोन जातो, त्या 'समाधानी नाही' बोलतात, अन् कंप्लेंट बंदच होत नाही. तुमचं ऐकतील त्या. झाकण तर येणारच आहे."

शर्वरी गेली. "आजी, फोन आला की हो बोलून द्या ना. काम लवकर होऊन जाईल."

हे खरं नव्हतं. बंद झालेल्या तक्रारीकडे कुणी वळून पाहत नाही, हे तिनेच माझ्यावर कागद ठेवून लिहिलं होतं.

कांताबाई म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस, बेटा. तू म्हणतेस तर बोलून देते."

फोन आला, त्या हो म्हणाल्या, शिक्का मिळाला. शर्वरीने 'हो' लिहून सदतीस नंबरचा नवा फॉर्म भरला. जुना तिने माझ्या चिमट्यात तळाशी सरकवला. फाडला मात्र नाही. का, ते मला कळलं नाही.

प्रबंधाचं कौतुक झालं, पहिला वर्ग मिळाला. ती पेढे घेऊन कांताबाईंकडे गेली. मी तिच्या काखेत होतो. दाराला कुलूप होतं. फळीचे दोन तुकडे बाजूला पडले होते.

शेजारची पिंकी म्हणाली, "आजी तर पडल्या, दीदी. कमरेचं हाड मोडलं. मुलगा त्याच्या गावी, हातोदला घेऊन गेला."

"झाकण?"

"नाही आलं. ऑफिसात बोलतात, कंप्लेंट तर बंद आहे."

शर्वरीने पेढे पिंकीच्या हातात दिले. हातोदचा पत्ता विचारला नाही. घरी येऊन ती जेवली आणि टीव्ही लावून बसली. ती रडेल म्हणून मी वाट पाहिली. मग मीही वाट पाहणं सोडलं.

याला दोन वर्षं झाली. ती आता राज्यसेवेच्या परीक्षेची तयारी करते. माझा पुठ्ठा टणक, म्हणून पेन मऊ चालावं यासाठी ती कोऱ्या कागदाखाली एखादा जुना कागद ठेवते. तो सदतीस नंबरचा फॉर्मच असतो. तिला ते माहीत आहे की नाही, मी सांगू शकत नाही. ती खाली बघत नाही.

परवा तिने 'नागरिकांसाठी प्रशासन' यावर निबंध लिहिला. चांगला लिहिला. तिच्या शब्दाशब्दाचा दाब खालच्या कागदावर उमटत गेला. इतक्या निबंधांचे वळ उठलेत त्यावर, तरी कांताबाईंचं 'नाही' अजून वाचता येतं.

शर्वरी, माझा चिमटा गंजला आहे. एक दिवस आपोआप तुटेल आणि तो कागद रद्दीत जाईल. त्याआधी एकदा तूच चिमटा उचल. हातोद काही फार लांब नाही.