टिप धरून

प्रामाणिक माणसाला सरकारची भीती नसते. हे वाक्य शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं असतं, आणि ते लिहिणाऱ्याला उत्पन्नाचा दाखला काढावा लागलेला नसतो.

अकोल्याच्या जुन्या शहरात एकोणीस वर्षं वेटर असलेल्या गुलफामने तो जूनमध्ये काढला, मुलगी उज्माच्या शिष्यवृत्तीसाठी. महिन्याचे नऊ हजार, वर्षाचे एक लाख आठ हजार. टिप त्यात नव्हती. बडीशेपेच्या वाटीखाली दुमडून ठेवलेल्या नोटेला उत्पन्न म्हणतात, हे त्या हॉटेलात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग लोकांच्या खिशातल्या नोटा संपल्या आणि गुलफामने बिलाच्या फोल्डरात आतून आपला क्यूआर कोड चिकटवला.

त्याच सुमारास ते गिऱ्हाईक यायला लागलं. मंगळवारी आणि शुक्रवारी, बरोबर एक वाजता. पन्नाशीचा माणूस, खिशाला दोन पेन. अर्धी शेवभाजी, दोन भाकरी, गुलफामच्या कोडवर वीस रुपये टिप. मग छोटी डायरी काढून, तिच्यावर हात आडवा धरून, काहीतरी लिहिणं.

"इन्कम टॅक्सचा हाय," आचारी खुशालरावांनी भट्टीपासूनच निकाल दिला.

"कशावरून?"

"जोडे पाह्य त्याचे. भर दुपारी अकोल्यात इतके चमकनारे जोडे सरकारचेच असतात. अन् लिहून काय राहिला तो, शेवभाजीची रीत?"

"वीस रुपयासाठी काहून येईन कोनी?"

"तुह्या खात्यात जाते ना? तारीख, वेळ, नाव, सारं उमटते. दाखल्यात टिप धरली होती काय तू?"

"टिप कोनी धरते काय, खुशालराव?"

"मंग झालं, बाप्पा. दाखला खोटा, शिष्यवृत्ती बंद, वरून दंड. पोरीले सांगून ठेव."

गुलफामने पोरीला सांगितलं नाही. फोनवर शोधलं. टिप हे उत्पन्नच असतं, असं तिथे लिहिलं होतं. गिऱ्हाइकाने थेट दिलेली असेल तर ती मालकाने नाही, वेटरने स्वतः दाखवायची असते. खाली आणखी बरंच काही होतं, पण एवढं वाचून त्याने फोन पालथा घातला.

शुक्रवारी तो त्या माणसामागे रस्त्यापर्यंत धावला.

"साहेब, हे तुमचे वीस. आमी टिप घेत नाही."

"मंगळवारी तर घेतली!"

"चुकून घेतली."

माणसाचा चेहरा उतरला. त्याने रस्ता दोन्ही बाजूंनी पाहून घेतला. "तुले कोनी सांगितलं परत कर म्हून?"

"कोनी नाही."

"कोनी नाही कसं?" म्हणत तो नोट मुठीत धरून निघून गेला. हा सगळा प्रकार बाकीच्या टेबलांनी पाहिला, आणि इथले वेटर टिप घेत नाहीत ही बातमी गिऱ्हाइकांनी फार आनंदाने पसरवली. तीन दिवस कुणालाच काही मिळालं नाही. बाकीचे वेटर गुलफामशी बोलेनात.

मंगळवारी त्या माणसाने गुलफामला जवळ बोलावलं.

"खरं सांग भाऊ, शेटनं लावलं ना तुले माह्या मागं?"

"कोनता शेट?"

तेव्हा उलगडा झाला. हे देवीदासजी, मूर्तिजापूरच्या एका कापसाच्या जिनिंगचे मुनीम. आठवड्यातून दोनदा अकोल्याला बँकेच्या कामाला येत आणि जेवणाचा खर्च शेटकडून घेत. डायरीत दर वेळी लिहीत: टिप, पन्नास. वीस परत आले तेव्हाच त्यांनी ओळखलं, की आपण सापडलो.

"म्हंजे तुमी इन्कम टॅक्सचे नाही?"

"म्या? अरे, त्यायले पाह्यलं की मले घाम फुटते."

गुलफामने सगळं सांगून टाकलं: दाखला, उज्मा, खुशालराव. मुनिमाच्या हातात सवयीने पेन आलं.

"टिप किती होते महिन्याची?"

"साडेपाच हजार. म्हंजे व्हायची."

देवीदासजींनी गुणाकार केला, बेरीज केली, दोनदा तपासली आणि डायरीचं पान गुलफामकडे वळवलं.

टिप धरून वर्षाचं उत्पन्न एक लाख चौऱ्याहत्तर हजार होतं. कर चार लाखांच्या पुढे सुरू होतो. उज्माच्या फॉर्मवर मर्यादा छापलेली होती अडीच लाखांची.