वाजलो मी, चेंडू लागला नव्हता

साल एकोणीसशे एकसष्ट, सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. पृथ्वीच्या आमच्या दक्षिण अंगाला तेव्हा वसंत नुकता लागला होता आणि शेतांतला गहू मांडीइतका वाढला होता. त्या दुपारी कुराबील गावच्या मैदानावर एका माणसाचं नाव गेलं. कसं गेलं, ते फक्त दोघांना ठाऊक होतं. एक त्याच्या विरुद्धच्या गावचा खेळाडू. दुसरा मी. त्या मैदानाच्या दक्षिण टोकाचा गोलखांब बोलतोय.

जन्माने मी निलगिरी. कालव्याच्या काठावर वारा अडवायला लावलेल्या रांगेतलं झाड. सरळ वाढलो म्हणून कापला गेलो. माझी वाकडी भावंडं अजून तिथेच सावली देत उभी आहेत. मला तासलं, पांढरा रंग दिला, मैदानात पुरलं. शेजारी माझ्याइतकाच उंच दुसरा खांब आणि आम्हा दोघांच्या बाहेरच्या अंगाला एकेक बुटका.

आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये आम्हा दोन उंचांच्या मधून चेंडू लाथेने गेला की सहा गुण. उंच आणि बुटक्याच्या मधून गेला की एक. आणि मधून जाता जाता मला नुसता घासला, तरी एकच. बोटभर फरकात पाच गुण जातात. गावं त्यावर वर्षभर भांडतात.

हा फरक सांगायला आमच्या पायाशी गोलपंच उभा असतो. पांढरा कोट, पांढरी टोपी, शेजारी दोन निशाणं. एका हाताचं बोट पुढे केलं की एक गुण. दोन्ही हातांची बोटं पुढे केली की सहा.

काम सोपं वाटतं ना? चेंडू लांबट, अंडाकृती. तो कसाही गिरक्या घेत येतो. दुपारचं ऊन उत्तरेकडून थेट डोळ्यांत. पंचाने रेषा बघायची, चेंडू बघायचा, मध्येच कुणाची नखं चेंडूला लागून सहाचा एक झाला का ते बघायचं आणि मलाही बघायचं. देवाने डोळे दोनच दिले. म्हणून जाणते पंच डोळे चेंडूला देतात आणि कान मला.

अर्न हेटली असा पंच होता. गावच्या गव्हाच्या कोठारावर कामाला. बुटका, अबोल, खांदे पडलेले. कुराबीलचाच माणूस, पण कोट चढवला की कुणाचाच नव्हे. लोक मैदानाभोवती मोटारी लावून आत बसायचे, भोंगे वाजवायचे आणि ओरडायचे, "ए पांढऱ्या अळी, चष्मा विसरलास का घरी?" अर्न वळूनही बघायचा नाही.

त्या शनिवारी वर्षाचा शेवटचा सामना. कुराबील विरुद्ध वेंडलरी. कुराबील तीन गुणांनी मागे. वेळ संपत आलेली. कुराबीलच्या लिंडसे झँकर नावाच्या तरण्याबांड गड्याने लांबून लाथ मारली. चेंडू उंच आला. सगळं मैदान वर बघत होतं. अर्न माझ्यालगत रेषेवर, मान वर, डोळे किलकिले. माझ्या दुसऱ्या अंगाला पाठ टेकून उभा होता वेंडलरीचा गोल राखणारा, क्लॉड ट्रेलोर. धिप्पाड, लाल केसांचा.

चेंडू माझ्या आतल्या बाजूने चार बोटं सोडून गेला. त्याच क्षणी क्लॉडने बुटाची टाच मागे उचलून माझ्यावर हाणली.

टॉक.

मी आयुष्यात खोटा वाजलो नाही. त्या दिवशीही नाही. मला मारलं, मी वाजलो. पण ते चेंडूचं मारणं नव्हतं, आणि खांबाला साक्ष देता येत नाही.

अर्नने ऐकलं. एका हाताचं बोट पुढे केलं. एक गुण. शिट्टी झाली. कुराबील हरलं.

कुराबीलवाले ओरडले की चेंडू लागला नाही, आम्ही डोळ्यांनी बघितलं. खरं होतं. पण कुराबीलवाल्यांना नेहमीच तसं दिसतं.

लिंडसे धावत आला. "अर्न, अरे कशाला लागला तो? दाखव ना."

"खांबाला लागला. ऐकलं मी."

"मला नाही ऐकू आलं."

"तू लांब होतास."

"वेंडलरीने काय पाजलं रे तुला?"

क्लॉड ट्रेलोर तेव्हा सोबत्यांच्या खांद्यावर बसून निघाला होता. हसत होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रार्थनेची वेळ, मैदानावर चिटपाखरू नव्हतं. अर्न शिडी घेऊन आला. चेंडूचं कातडं लाल. पांढऱ्या रंगाला लागलं तर डाग राहतो. अर्नने मला टोकापासून छातीपर्यंत बघितलं, बोटं फिरवली. डाग नव्हता. शिडीवरच तो बराच वेळ कपाळ मला टेकून उभा राहिला. खाली, टाचेच्या उंचीवर माझा रंग उडाला होता. तिथे खेळाडूंच्या बुटांनी नेहमीच उडतो. तिथे त्याने बघितलं नाही.

अर्नने कोट आणि निशाणं परत केली. चूक सगळ्यांकडून होते. चूक केली याचं त्याला इतकं वाटलं नसतं. पण जे झालंच नाही ते आपण ऐकलं, हे त्याला गिळवेना. स्वतःच्या कानांवरचा विश्वास गेला की माणूस आतून पोकळ होतो. पोकळ लाकूड मला ओळखू येतं.

गावाने त्याला टाकलं नाही. तसं आमच्याकडे कुणी करत नाही. फक्त बोलणं आटलं. सुगीत शेतकरी कोठारावर गहू घालायला यायचे, वजनाचा आकडा विचारायचे आणि निघायचे. तो दिसला की पोरं-थोरं कानाला हात लावून म्हणायची, "कसला आवाज झाला रे?"

दर शनिवारी सामन्याच्या आधी, मैदान रिकामं असताना अर्न यायचा. मला बोटाच्या पेराने वाजवायचा आणि कान लावायचा. एकदा त्याची बायको आयव्ही बरोबर आली.

"ऐकू येतंय ना?" त्याने विचारलं.

"येतंय."

"मलाही येतंय."

"मग झालं तर. चल घरी."

"मग त्या दिवशी मी काय ऐकलं, आयव्ही?"

तिने त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली. उत्तर माझ्याकडे होतं.

नवे पंच आले. त्यांनी कधी मला हात लावला नाही. आठवडाभर मी वाऱ्यात उभा आणि शनिवारची वाट बघणारा. ज्याच्यासाठी मला वाचा फुटावी असं वाटलं, असा तो एकच माणूस. इतक्या जवळ उभे राहून आम्ही दोघं एकेकटे होतो.

आता मी कुंपणाशी आडवा पडलोय. माझ्यावर बसून लोक सामना बघतात आणि पंचाला शिव्या घालतात. मी ऐकून घेतो. एवढंच सांगतो, शिवी देण्याआधी एकदा त्या रेषेवर उभे राहा आणि उन्हात वर बघा.

मला उपटलं तो दिवस सांगतो आणि थांबतो.

गावं ओसरली होती. तरणी माणसं शहराकडे गेली. एकट्या कुराबीलला अठरा गडी जमेनात, वेंडलरीलाही जमेनात. शेवटी दोन्ही संघ एक झाले. जुने वैरी लोखंडी खांब बसवायला पहारी घेऊन माझ्याभोवती जमले. त्यांत लिंडसे झँकर होता, आता पोट सुटलेला. आणि क्लॉड ट्रेलोर. लाल केसांची राख झालेली.

शनिवार होता. सवयीने अर्नही आला. पार म्हातारा झालेला. एवढी माणसं बघून जरा थबकला. मग सरळ माझ्याकडे आला, पेराने वाजवलं, कान लावला.

लिंडसे म्हणाला, "काय अर्न, आज तरी कबूल झाला का खांब?"

दोघं-तिघं हसले. क्लॉडने विचारलं, "हे काय करतोय तो?"

"कान तपासतो. तुमच्याशी हरलो ना, तेव्हापासून. दर शनिवारी. भ्रम झाला होता त्याला, आणि आमचा सामना गेला."

"दर शनिवारी?"

"एक चुकवत नाही."

क्लॉडने पहार खाली ठेवली. त्याच्यासाठी ती एक लबाडी होती. गोल राखणारे असल्या दहा करतात आणि संध्याकाळी बिअरबरोबर विसरतात. तिचं पुढे काय झालं, हे त्याच्या कानावर कधी आलंच नव्हतं.

"चेंडू आहे का कुणाकडे?" तो म्हणाला. "लिंडसे, तिथून मार. खांबाच्या आतून. अर्न, तू रेषेवर उभा राहा."

"मी पंच नाही आता," अर्न म्हणाला.

"माझ्यासाठी राहा."

अर्न राहिला. क्लॉड माझ्या दुसऱ्या अंगाला येऊन उभा राहिला. लिंडसेने गंमत म्हणून लाथ मारली. चेंडू वर गेला, सगळ्यांच्या माना वर गेल्या. चेंडू मधून गेला, चांगला हातभर अंतर ठेवून.

टॉक.

अर्नचा एक हात आपोआप पुढे आला. एक बोट.

"अरे, लागला कुठे?" एक जण म्हणाला.

"आवाज तर आला," दुसरा म्हणाला.

"मलाही आला," लिंडसे हळूच म्हणाला.

"आला ना?" क्लॉड म्हणाला. "आता चेंडू सोडा. माझ्या पायाकडे बघा."

त्याने पाठ मला टेकली, टाच मागे घेतली आणि हाणली.

टॉक.

"एकसष्टमध्येही हीच टाच," तो म्हणाला. "याच्या कानाला काही झालं नव्हतं."

कुणी हसलं नाही. लिंडसेने टोपी काढली आणि हातातच धरून ठेवली. अर्न माझ्याकडे बघत होता, मग क्लॉडच्या बुटाकडे, मग लिंडसेकडे. त्याचं एक बोट अजून पुढेच होतं.

मग त्याने दुसऱ्या हाताचंही बोट पुढे केलं. कुराबीलला सहा.

लिंडसेने मान डोलावली. माणसांनी पहारी उचलल्या.