नवे सेल घातले की बिघडणारं गाणं

माझा थोरला भाऊ नवल इद्रिसभाईंच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. पुढे क्लॅरनेट, ढोल, लाल डगले. मागे भोंगे आणि जनरेटर बसवलेली हातगाडी, आणि त्या गाडीला वायरीने जोडलेला आमचा नवल, दावणीला बांधल्यासारखा. कोरीटच्या पाटलाचा मुलगा लग्नाच्या वरातीत वाजवत फिरतो, हे आमच्या आप्पांना मरेपर्यंत पचलं नाही. ‘केळीचे घड वाहिले असते तर खांदा तरी भरला असता,’ म्हणायचे.

त्याला हे वेड लावलं एका कॅसेटनं. केळीच्या टेम्पोबरोबर गेला होता, तेव्हा विसरवाडीच्या ढाब्यावर एका ट्रकवाल्यानं ती त्याला देऊन टाकली. का, तर तिच्यात एकाही बाईचा आवाज नव्हता. वरचा कागद फाटलेला, त्यावर केस वाढवलेले चार गोरे. नाव काही नाही.

आमच्याकडे तेव्हा लाइट यायची ती रात्रीची, पाण्याच्या मोटारी चालवायला. म्हणून टेप चालायचा सेलवर. नवे सेल आधी बॅटरीत जात, कारण आप्पांना रात्री पाणी भरायला जावं लागे. बॅटरीचा उजेड पिवळा पडला की ते सेल नवलला मिळत. तो ते पत्र्यावर उन्हात तापवायचा आणि टेपमध्ये घालायचा. मग ते गाणं लागायचं. खोल, घोगरा आवाज, एकेक शब्द ओढत आणलेला, आणि मध्ये गिटार अशी लांबत जायची की ऐकणाऱ्याचाच श्वास संपावा. इंग्रजी आम्हा दोघांना सारखंच येत होतं, म्हणजे येत नव्हतं. पण नवलनं ठरवून टाकलं होतं की गाणारा म्हातारा आहे. त्यानं मुलगी दिली आहे, वऱ्हाड निघून गेलं आहे, आणि तो एकटाच मांडवात बसला आहे.

‘तुले कोणी सांगं?’ मी विचारायची.

‘आयक ना. समजस.’

एकदा पाहुण्यांनी कौतुकानं कोरे सेल आणून घातले, तर गाणं पळायलाच लागलं. नवलनं ते काढून परत दिले. नवे सेल घातले की गाणं बिघडतं, असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि आम्ही ते मानायचो. आमच्या घरात खोटं असं कोणी बोलत नसे.

पुढे एका लग्नात क्लॅरनेटवाल्याचा ओठ सुजला. पाठवणीची वेळ झाली. इद्रिसभाई म्हणाले, ‘नवलभो, रोनेका कुछ बजा दे.’ नवलनं म्हाताऱ्याचं गाणं वाजवलं. नवरीच्या आईचं सोडा, आचारी झारा खाली ठेवून रडला म्हणतात. तेव्हापासून नंदुरबारपासून अक्कलकुव्यापर्यंत मुलीकडची माणसं बँड ठरवताना आधी विचारायची, ‘बिदाईले नवल शे ना?’ त्याचं स्वतःचं मात्र जमलं नाही. मुलीचे बाप म्हणायचे, वाजवतो ते ठीक, पण करतो काय? पुढे पुढे त्यानं मुली बघायला जाणंच सोडलं. घरात तो, त्याची गिटार आणि मनातला तो म्हातारा. ओट्यावर बसून गिटार पुसताना कधी म्हणायचा, ‘आज म्हातारा खुश शे,’ आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे.

मग बँड गेले, डीजे आले. इद्रिसभाई घरी बसले आणि त्यांच्या मुलानं, आमीरनं ट्रकभर स्पीकर घेतले. पण आमीर गुणाचा. पाठवणी आली की लॅपटॉप बंद करायचा आणि म्हणायचा, ‘चाचा, अब आप.’

माझ्या रुचिकाचं लग्न ठरलं तेव्हा तिनं सुरतेहून फोनवर पहिलं हेच सांगितलं. ‘आई, मामा वाजवणार असेल तरच मी गाडीत बसेन.’

‘नाहीतर?’

‘नाहीतर तुलाच सांभाळावं लागेल मला.’

मी नवलला हे सांगितलं. त्यानं गिटारीला नव्या तारा घालून आणल्या.

लग्नाच्या आधी रुचिका माझ्या घरी आली होती, तेव्हा आमीर एक जुना टेप दुरुस्त करून घेऊन आला. ती कॅसेट मोबाइलमध्ये भरून ठेवू, फितीचा काय भरवसा, असं त्याचं म्हणणं. नवल कोरीटहून कॅसेट रुमालात बांधून आला. आमीरनं टेपची पिन भिंतीत खोचली आणि बटण दाबलं.

खोलीत जो काही धिंगाणा सुरू झाला! कोवळ्या आवाजाचं एक पोरगं केकाटत होतं, ढोल बदडत होते, गिटार पिसाळल्यासारखी धावत होती.

‘सेल नवा टाकात का रे?’ नवल म्हणाला.

‘चाचा, ये लाइट पे है.’

‘मंग बिघडेल शे तुन्हा टेप.’

रुचिकानं मोबाइल टेपजवळ धरला. हल्ली मोबाइल गाणं ऐकून ओळखतो. क्षणात त्यानं नाव सांगितलं, फोटो दाखवला, आणि तेच गाणं स्वतः वाजवून दाखवलं. तस्संच धावणारं. फोटोत जेमतेम मिसरूड फुटलेला मुलगा, उघड्या छातीचा. खाली गाण्याचे शब्द. रुचिकानं ते वाचले आणि हसत सुटली. ‘मामा, अरे हा शनिवारी रात्री गाडी काढून मैत्रिणीला फिरवायला निघालाय.’

‘आन म्हातारा?’

‘कोण म्हातारा?’

तिला ते माहीतच नव्हतं. मला माहीत होतं. मी चहा ठेवायला उठले, कारण नवलकडे बघवत नव्हतं.

आमीरला वाटलं, चाचांना आनंद होईल. त्यानं त्या मंडळींची सगळी गाणी नवलच्या मोबाइलमध्ये शोधून दिली, कानात घालायच्या बोंड्या दिल्या. नवलनं ती ऐकलीही. ओट्यावर बसून दिवसच्या दिवस. मी कोरीटला गेले की कानातलं एक बोंडूक काढून माझ्या कानात घालायचा. ‘हाई आयक. चांगलं शे हाई बी.’ चांगलं होतंच ते. त्या पोरांना गिटार येत होती, हे मलाही कळत होतं. पण तो नातलगाच्या घरी जेवायला बसल्यासारखा ऐकायचा. ताटात काही टाकायचं नाही, आणि मागून काही घ्यायचं नाही.

गिटार मात्र खुंटीवरून काढली नाही.

‘दादा, लग्न आलं,’ मी म्हटलं.

‘इतला वरीस मी चुकीनं वाजाडं, मोहिनी.’

‘कोणाचं काय अडलं? मुली नांदल्याच ना?’

‘मुलींचं नही.’ तो बोंड्यांची वायर बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, ‘मन्हा म्हातारा मरी गया वं.’

माणूस गेला की आम्ही भाकरी-पिठलं घेऊन जातो. जो कधी नव्हताच, तो गेल्यावर काय न्यायचं, हे कुणी शिकवलेलं नाही. मी त्याच्यासाठी खिचडी टाकली आणि त्याच्याजवळ बसले. निघताना तो म्हणाला, ‘रुचिकाले सांग, मी मामा म्हनीसन ईसू. वाजाडाले नही.’

रुचिकाला मी फोनवर तसं सांगितलं, आणि त्या म्हाताऱ्याचंही सगळं. मग तिनं आमीरला फोन केला असावा.

लग्न लागलं. नवलनं मामाचं सगळं नीट केलं. हळदीच्या पिवळ्या धोतरावर कडक इस्त्रीचा सदरा, रुचिकाला हात धरून मांडवात आणलं, मंगलाष्टकं होईपर्यंत पाठीशी उभा राहिला. उन्हं कलल्यावर पाठवणी निघाली. आमीरच्या ट्रकजवळ गिटार तयार ठेवलेली. रुचिकानंच कोरीटहून मागवली होती, जोडलेली, नुसती उचलायची बाकी. नवलनं गिटारीकडे पाहिलं आणि हात पाठीमागे बांधले.

आमीरनं थोडी वाट पाहिली. मग लॅपटॉपवर बोट फिरवलं.

आणि म्हातारा गायला लागला.

तोच. खोल, घोगरा, एकेक शब्द ओढत आणलेला. आमीरनं त्या धावत्या गाण्याचा वेग कमी केला होता. हल्लीची मुलं मजा म्हणून कुठल्याही गाण्याचं असं करतात, पडद्यावर एक रेघ मागे ओढली की झालं. आप्पांच्या मेलेल्या सेलांनी जे केलं तेच, फक्त कितीतरी स्वच्छ. गिटार लांबत लांबत गेली. बायका पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. आमीर आशेनं नवलकडे बघत होता, की आता चाचा गिटार उचलतील.

नवल हलला नाही. स्पीकरकडे बघत होता. ओळखीचा माणूस रस्त्यात दिसावा आणि जवळ गेल्यावर तो भलताच निघावा, तशी त्याची नजर. मग तो वळला आणि गर्दीतून वाट काढत गाडीजवळ आला. रुचिका गाडीच्या दारात उभी होती. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले आणि अशी रडली की तिच्या बांगड्या त्याच्या सदऱ्यात अडकल्या. मी सोडवायला गेले, तर तो मला म्हणाला, ‘राहू दे. थांब जरा.’

गाडी निघाली. मुलीनं मागच्या काचेला हात लावला होता. तो वळणापर्यंत दिसला.

गाणं अजून चालूच होतं. नवलचं तोंड वेडंवाकडं झालं होतं.

‘समद्या पोरी अश्याच जातस का?’ त्यानं विचारलं.

‘हो.’

‘मी कधी देखंच नही व्हतं. मी मांगे ऱ्हायचो, वायरले बांधेल. पुढे गाडीनी धूळच दिसे.’

मी त्याचा हात धरला. तारांनी बोटांच्या टोकांना पडलेले घट्टे लागत होते, दगडासारखे.

‘तू बी अशीच गई व्हती का?’

‘मला काय माहीत, दादा,’ मी म्हटलं. ‘मी गाडीत होते.’

तो मान हलवत राहिला. आमीरनं तिकडून खुणेनं विचारलं, बंद करू का. नवल रस्त्याकडे बघत होता, आणि गाणं आपोआप संपेपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.