वाळकाचं बी

थंडीने मस्तगडातली माणसं सकाळी उशिरापर्यंत रजईतून नाक बाहेर काढत नव्हती, तेव्हा नववीतली रेणुका गच्चीवर खडूने चौकोन आखत बसलेली असायची. अंगात शाळेचा स्वेटर, त्यावर पप्पांचा स्वेटर, आणि डोक्यात उन्हाळा! रंगाचे रिकामे डबे कुठं ठेवायचे, टोमॅटोला ऊन कुठलं, मिरचीला सावली कधी, सगळं फरशीवर आखून ठेवलेलं. सगळ्यात मोठा चौकोन दोऱ्यांच्या मांडवाखाली होता आणि त्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, "वाळूक".

वाळूक म्हणजे काकडी आणि खरबूज यांच्या मधलंच काहीतरी. कच्चं असताना मिठासोबत कचाकचा खावं, पिकलं की वासाने घर भरावं. केदारखेड्याला गोपिकाआत्याच्या कापसात ते आपोआप उगवायचं. आता तणनाशक मारमारून वेल औषधालाही उरला नव्हता. म्हणून दिवाळीत आत्याने राखेत घोळवलेल्या बियांच्या, तीन रंगांच्या चिंध्यांत बांधलेल्या तीन पुरचुंड्या रेणुकाच्या हातात दिल्या होत्या. वाळूक, काकडी आणि रानातलं कडसर शेंदाड.

"वाळकाचं एवढंच राह्यलं बघ," आत्या म्हणाली होती. "गावात कुणाकडंच न्हाई. तू लाव, अन् मंग मला बी वापस दे. बराबर?"

"बिलकुल बराबर!" रेणुका म्हणाली होती. तेव्हापासून ती गल्लीत अशी चालायची, जणू अख्ख्या जिल्ह्याचं वाळूक हिच्याच खांद्यावर.

संक्रांत आली तशी तिला एक भन्नाट गोष्ट सुचली. "मम्मी, यंदा हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या वाट्या नको वाटू. वाणात काकडीचं बी देऊ. पुड्या बांधून!"

बेबीनंदाला, म्हणजे मम्मीला, ते चक्क पटलं. "काकडीची पुरचुंडी घे," एवढं सांगून रेणुका सव्वीस जानेवारीच्या संचलनाच्या सरावाला पळाली. पुढचे दोनतीन दिवस तिला डाव्या-उजव्या पायाशिवाय काही सुचत नव्हतं. मग एका संध्याकाळी सरावाहून घरी आली तेव्हा हळदीकुंकू उरकलं होतं, आणि ओट्यावरच्या ताटात मूठभर बी चकाकत होतं.

"हे कोणतं?"

"उरलेलं," मम्मी म्हणाली. "अगं, वाणात राख देतं का कुणी? अशुभ असतं ते. मी सगळ्या पुरचुंड्या सोडल्या, स्वच्छ धुतलं अन् एकाच ताटात वाळवलं."

"सगळ्या?"

"मंग? सणाच्या दिवशी घरात राख कशाला ठेवू? चिंध्यासुद्धा धुतल्या."

रेणुका ताटासमोर मांडी घालून बसली. एखादं बी लांबट वाटलं की ही काकडी, म्हणून बाजूला काढायची. शेजारी दुसरं ठेवलं की पहिलंच गोलसर वाटायला लागायचं. तिने तीन ढीग केले, तीनदा मोडले. मम्मीने मदत करायला म्हणून चौथा ढीग केला.

"हा कशाचा?"

"मला काय माहीत? तू करून राह्यली म्हणून मी केला."

शेवटी धीर करून तिने आत्याला व्हिडिओ कॉल लावला आणि ताट फोनसमोर धरलं. आत्याने फोन डोळ्याला लावला. पडद्यावर नुसती भुवई.

"यातलं वाळूक कोणतं गं, आत्या?"

"मला तर सगळे दातच दिसून राह्यले."

"नीट बघ ना!"

"नीट बघून बी न्हाई कळत, बाई. मी चिंधीवरून वळखायची. हिरव्या चिंधीत वाळूक." आत्याने फोन डोळ्यापासून लांब धरला. "गेलं का गं?"

रेणुकाने ताट खाली ठेवलं. "न्हाई गेलं," ती म्हणाली आणि थेट शेजारी निवेदिताकाकूंच्या दारात जाऊन उभी राहिली. काकू बँकेत नोकरीला होत्या आणि बोलायला एकदम नीटनेटक्या.

"काकू, वाणातलं बी वापस मिळेल का?"

"वाणातलं?" काकूंनी आत नवऱ्याकडे पाहिलं. जगन्नाथकाका टीव्ही एकदम मन लावून बघायला लागले. "अगं रेणुका, आम्हाला वाटलं मगज आहे. तुपात भाजून खाल्लं. फार खमंग होतं हं."

आता यावर माणसाने हसावं की रडावं? रेणुकाने "थँक्यू" म्हटलं. का म्हटलं, ते तिलाही कळलं नाही.

थंडीचा कडाका उतरला तसे तिने टोमॅटोचे, मिरचीचे, वांग्याचे सगळे चौकोन ओल्या फडक्याने पुसून टाकले आणि उरलेलं सगळं बी सगळ्या डब्यांत टोचलं. आठवड्याभराने मातीतून हिरवे ठिपके वर आले. दोन दोन पानं, आणि सगळी एकसारखी! आनंद करावा तर काय उगवलंय तेच माहीत नाही.

"किती दाट झालंय," मम्मी वाकून म्हणाली. "विरळ कर. एका डब्यात दोन ठेव, बाकीची उपट."

"कोणती?"

मम्मीचा हात एका रोपावर गेला, मग दुसऱ्यावर, मग तिने तो पदराला पुसला.

रेणुका पुन्हा निवेदिताकाकूंच्या दारात. "काकू, तुमची गच्ची पाहिजे. अन् जुन्या बादल्या असतील तेवढ्या."

खाल्लेल्या मगजाची आठवण काकूंच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. त्यांनी गच्चीची किल्ली दिली. मग हळूच विचारलं, "पण हे सगळं कडू शेंदाडच निघालं तर?"

"माहीत न्हाई," रेणुका म्हणाली, आणि दोन्ही हातांत बादल्या घेऊन जिना चढायला लागली. "फळ धरेपर्यंत एकपण उपटायचं न्हाई, एवढंच माहीतंय!"