एकनाथरावांनी विझवलेली आग

या मंडळी, जरा पुढं सरकून बसा. मागं बसलेल्यांना अर्धंच ऐकू येतं आणि मग घरी जाऊन ते भलतंच सांगतात. आज एका आगीची गोष्ट ऐकवायची आहे. आगीची असली तरी मायेची आहे, तेव्हा भिऊ नका.

हैदराबादेत नारायणगुड्याला एकनाथराव राहायचे. वनखात्यात बत्तीस वर्षं रेंजर. वणवा विझवणं हीच त्यांची पूजा. शेजारच्यानं बिडी पेटवली तरी ती पायाखाली नीट चिरडेपर्यंत यांची नजर हलायची नाही.

आणि देवाची लीला पाहा, सून मिळाली ती रानाला आग लावणारी.

सुलभा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. ते दिवस नव्या आर्थिक धोरणाचे. घरोघरी केबल आलेली, नवरा मकरंद कुकटपल्लीच्या नव्या कंपनीत लागलेला. कॉम्प्युटर शिकायचं सोडून ही राख कसली मोजते, असं नातेवाईक विचारायचे. ही हसून चहा ओतायची.

तिचं म्हणणं साधं होतं. साग, मोह, टेंभुर्णी यांचं पानझडी रान आगीला सरावलेलं असतं. जाड साल, वरून जळलं तरी मुळातून फुटणारे धुमारे. आग वर्षानुवर्षं अडवली की पाला साठतो, आणि मग भर उन्हाळ्यात ठिणगी पडली तर आग शेंड्यापर्यंत जाते. त्याऐवजी माघात, दव वाळता वाळता, गुडघ्याएवढी आग लावली तर ती पाला खाते आणि झाड सोडते. हे ताडून पाहायला, पीएच.डी.च्या प्रबंधासाठी, शहरापासून दोन तासांवरच्या रानात तिनं सोळा तुकडे आखले होते. आठ दरवर्षी जाळायचे, आठ तसेच ठेवायचे. अशी पाच वर्षं.

एकनाथरावांनी कधी विरोध केला नाही. विषय निघाला की ताट उचलून उठायचे, एवढंच.

पाचव्या, शेवटच्या वर्षी ती म्हणाली, "बाबा, एकदा चला ना." सुनेचा शब्द मोडवेना. गेले.

रानात सुलभाच्या तुकड्यांचा राखणदार होता पोचय्या, सत्तरीला आलेला. तरुणपणी वनखात्यात असताना त्यानं मोहाखाली माघातच आग लावली होती, म्हणून एकनाथरावांनी त्याला कामावरून काढलं होतं. दोघांनी एकमेकांना ओळखलं. 

जाळायची परवानगी त्या दिवशी दुपारपर्यंतचीच होती. सात तुकडे आदल्या दिवशी जळले होते, आठवा राहिला होता. सुलभानं आग लावली, ती बेतानं चालू लागली. सासऱ्यांना सावलीत बसवून ती आणि पोचय्या पलीकडच्या कडेची जाळरेषा, म्हणजे साफ केलेली पट्टी, बघायला गेले.

परत येतात तो धूर नाही. एकनाथराव हातात हिरवी फांदी घेऊन धापा टाकत उभे. सदरा काळा, चेहऱ्यावर रान वाचवल्याचं समाधान. सुलभाकडं पाहिलं आणि ते समाधान हळूहळू उतरलं. अर्धा जळलेला तुकडा हिशेबात धरता येत नाही, आणि तो गळला तर पाच वर्षांची तुलनाच लंगडी पडते. हे तिनं त्यांना येताना वाटेतच समजावलं होतं.

"सुलभा," ते म्हणाले, "हातांना कळलंच नाही गं."

ती रागावली नाही. बाटलीतलं पाणी घेऊन त्यांचे पोळलेले तळवे धुऊ लागली. डोळ्यांत मात्र पाणी आलंच.

पोचय्यानं मूठभर गवत चुरगाळून पाहिलं. अजून तासभर ओल आहे, वारा सुटायच्या आत उरलेलं जाळता येईल, म्हणाला. पण दोन कडांना दोघं राखणीला हवीत. पेटवणार कोण?

 एकनाथरावांनी हात पुढं केला.

पोचय्यानं वाळल्या गवताची पेटती जुडी दिली. राव निघाले ते थेट वाऱ्याच्या पाठीकडं, जिथून आग वाऱ्याबरोबर धावत सुटते. म्हाताऱ्यानं दंड धरून थांबवलं.

"साब, तुमकू बुझाना इच आता. लगाना नै आता. इधर से."

वाऱ्याच्या उलट चालेल अशी लावली की आग पाय ओढत चालते, हे तो हाताला हात धरून शिकवू लागला. पहिल्या पाल्यानं पेट घेतला तेव्हा राव म्हणाले,

"पोचय्या, तेव्हा तुझं बरोबर होतं रे. मी तुझं काम काढून घेतलं."

"हौ साब," तो म्हणाला. "तुम बी जान लगाके बुझाए थे. मैं देखा ना." आणि तो आपली कड राखायला गेला.

आग गुडघ्याएवढीच राहिली. सागाच्या खोडांना काळे पायमोजे चढवून जाळरेषेशी आली आणि निमाली. सुलभानं वहीत आठवा तुकडा पूर्ण म्हणून लिहिला. एकनाथराव तिथंच मातीत बसले आणि हात जोडले. कुणाला जोडले, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

प्रबंध पुरा झाला. आभाराच्या पानावर पहिलं नाव कुणाचं घालायचं, यावर सासऱ्यांनी सुनेशी चक्क भांडण केलं आणि ते जिंकले. पहिलं नाव पोचय्याचं आलं. पण ते पुस्तक ग्रंथालयाच्या कपाटात आहे, ते कोण उघडतंय? पोचय्याला तर वाचताही येत नव्हतं. तेव्हा मंडळी, एवढं करा. त्या म्हाताऱ्याचं नाव तुम्ही मनात ठेवा.